पाऊस नाही, तरी ओढा भरलेला

प्रश्न : जुलैत आम्ही मनालीहून लेहला गाडीने गेलो. ड्रायव्हर रोज पहाटेच उठवायचा आणि 'दोपहर में नाला बढ़ जाता है' म्हणायचा. आभाळ निरभ्र, सभोवती उघडे डोंगर आणि वाळू. मग पाणी येतं कुठून? आणि नेमकं दुपारीच का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ड्रायव्हर जाणता होता. ते पाणी पावसाचं नव्हेच, वरच्या हिमनद्यांचं आणि साचलेल्या बर्फाचं. मोसमी ढग हिमालयाच्या रांगा ओलांडेपर्यंत बहुतेक रिते होतात. महाबळेश्वरला कोसळायचं आणि माण-खटावला हुलकावणी द्यायची, तोच प्रकार, फक्त माप अवाढव्य. लेहला वर्षाकाठी जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ मिळून पडतो. पण उंच शिखरांवर हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे वारे बर्फ टाकून जातात आणि तो उन्हाळ्यात सुटतो.

रात्री वर पारा शून्याच्या आसपास येतो, वितळणं मंदावतं. सकाळी ऊन चढलं की हवा विरळ आणि कोरडी, ढगांचा आडोसा नाही, त्यामुळे बर्फ भराभर पाझरू लागतो. ते पाणी रस्त्यापर्यंत उतरायला काही तास जातात. म्हणून उगमाजवळचे ओढे दुपारी फुगतात, लांबून येणारे संध्याकाळी, आणि पहाटे सगळ्यांतच पाणी कमी. उतारांवर झाडं नाहीत, माती नाही. पाणी धरून ठेवणारं काहीच नाही. लाहौलमधल्या एका ओढ्याला लोक 'पागल नाला'च म्हणतात.

हे पाणी राखाडी दिसतं, कारण हिमनदीने दळलेली दगडाची भुकटी त्यात असते. तळातला धोंडा त्यामुळे दिसत नाही. अनुभवी माणूस आधी थांबतो, एखादा ट्रक पार होऊ देतो, त्याची चाकं कुठे बुडतात ते पाहतो; मग पहिल्या गिअरमध्ये एका दमात जातो, मध्ये क्लच दाबत नाही. रीलसाठी पाणी उडवत जाणाऱ्यांना हे कोण सांगणार!

लडाखच्या शेतकऱ्याची अडचण उलटी. पेरणीच्या एप्रिल-मेमध्ये वरचा बर्फ पुरेसा सुटलेला नसतो. म्हणून तिथलेच अभियंते सोनम वांगचुक यांनी हिवाळ्यात वाहून जाणारं पाणी शंकूच्या आकारात गोठवून ठेवायची 'आइस स्तूपा'ची युक्ती काढली. २०१३-१४ च्या हिवाळ्यात तिचा पहिला प्रयोग झाला.

आता पुन्हा तुमच्या रस्त्याकडे. २०२० मध्ये ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांगचा घाट चढावा लागत नाही. त्यामुळे लोक मनालीत निवांत नाश्ता करून निघतात आणि झिंगझिंगबारच्या पुढचे ओढे नेमके भरदुपारी गाठतात. त्यापेक्षा पहिला मुक्काम जिस्पाला करावा आणि उजाडताच निघून सुमारे ४,९०० मीटरवरचा बारालाचा घाट दुपारच्या आत ओलांडावा. सरचूला, ४,२०० मीटरच्या वर, पहिल्याच रात्री झोपायचा मोह मात्र टाळाच. तिथे डोकेदुखीने रात्रभर जागे राहिलेले पर्यटक ढाबेवाल्यांना नवे नाहीत.