फुटलेल्या देशाची लीग

आमच्या ग्रंथालयात एक जुना नकाशासंग्रह आहे. त्यातल्या युरोपच्या पानावर ॲड्रियाटिक समुद्राच्या काठी युगोस्लाव्हिया हा देश अजून एकाच रंगात अखंड उभा आहे. गेल्या वर्षी राज्यशास्त्राच्या ट्यूटोरियलसाठी मी 'खेळ आणि राष्ट्र' हा विषय घेतला. कारण साधेच होते. मी महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात खेळतो आणि विषय सोपा जाईल असे वाटले. 'खेळ माणसांना जोडतो' असे पहिलेच वाक्य मी ठोकून दिले. सरांनी त्याखाली तांबड्या शाईने एकच शब्द लिहिला : 'पुरावा?'

तो पुरावा शोधताना मी ॲड्रियाटिक लीगपाशी येऊन पोहोचलो. ही देशादेशांच्या संघांची स्पर्धा नव्हे. शेजारशेजारच्या अनेक देशांतले व्यावसायिक क्लब एकाच साखळी स्पर्धेत वर्षभर खेळतात, अशी ही लीग आहे. आणि हे शेजारी कोण, तर ज्यांनी नव्वदच्या दशकात एकमेकांवर तोफा डागल्या ते.

युगोस्लाव्हियात बास्केटबॉल म्हणजे केवळ विरंगुळा नव्हता. १९७०, १९७८ आणि १९९० मध्ये हा देश जगज्जेता झाला. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचे सुवर्णपदकही त्याचेच. क्लबांची कामगिरीही तशीच. १९७९ साली सारायेवोचा बोस्ना, १९८५ व १९८६ साली झाग्रेबचा सिबोना आणि १९८९ पासून सलग तीन वर्षे स्प्लिटचा संघ युरोपचा विजेता ठरला. हे सारे एकाच देशांतर्गत लीगमधले क्लब. दर आठवड्याला एकमेकांशी झुंजून ते इतके कणखर झाले होते, की बाहेरचा प्रतिस्पर्धी त्यांना फारसा जड जात नसे.

मग देश फुटला. १९९० च्या जागतिक स्पर्धेत अंतिम सामना जिंकल्यावर एक प्रेक्षक क्रोएशियाचा झेंडा घेऊन मैदानात आला. सर्बियाच्या व्लाडे दिवाचने तो त्याच्या हातून हिसकावून घेतला. त्याचा जिवलग मित्र द्राझेन पेट्रोविच क्रोएशियाचा. दोघांचे बोलणे तुटले, आणि १९९३ साली पेट्रोविच जर्मनीत मोटार अपघातात मरण पावला तोवर ते पुन्हा जुळले नव्हते. हा प्रसंग वाचून मी ट्यूटोरियलचे पहिले वाक्य त्याच रात्री खोडले. एकाच संघातून जग जिंकलेले दोन मित्र जिथे टिकले नाहीत, तिथे इतरांचे काय? १९९२ साली बेलग्रेडचा पार्टिझान क्लब युरोपचा विजेता झाला खरा, परंतु युद्धामुळे त्याला आपले 'घरचे' सामने स्पेनमधल्या फुएन्लाब्रादा या गावी खेळावे लागले. परक्या गावच्या लोकांनी त्यांना आपले मानून टाळ्या वाजवल्या, ही त्यातली एक गोड गोष्ट.

असो. युद्धे संपली, आणि प्रत्येक नव्या देशाची स्वतःची लीग सुरू झालेली होती. इथे खरी अडचण उभी राहते. स्लोव्हेनियाची लोकसंख्या सुमारे २० लाख, म्हणजे एकट्या पुणे शहराहूनही कमी. माँटेनिग्रोची तर सात लाखांच्याही आत. एवढ्याशा देशात मोठा क्लब एक किंवा दोन. बाकीचे त्यांच्यापुढे लिंबूटिंबू. निकाल आधीच ठाऊक असलेला सामना पाहायला तिकीट कोण काढणार? प्रेक्षक नाहीत तर दूरदर्शनचे पैसे नाहीत, पैसे नाहीत तर चांगला खेळाडू स्पेन-इटलीचा रस्ता धरतो.

या हिशोबातून २००१ च्या जुलैमध्ये लुब्लियाना येथे चार क्लबांनी ही लीग स्थापन केली : बोस्ना, सिबोना, लुब्लियानाचा ओलिंपिया आणि माँटेनिग्रोमधील पोडगोरित्साचा बुदुच्नोस्त. बोस्निया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया, माँटेनिग्रो. चौघांत बेलग्रेडचा एकही नाही, हे लक्षात घ्यावे. लीगच्या नावातही जुन्या देशाचा उल्लेख नाही. समुद्राचे नाव दिले आणि पुढे एका टायर कंपनीचे नाव जोडले. पहिली पाच वर्षे ती 'गुडइयर लीग' म्हणूनच ओळखली गेली. मला हा शहाणपणा फार आवडला. टायरच्या नावावर कोण भांडणार? पहिले विजेतेपद ओलिंपियाने मिळविले. बेलग्रेडचे मोठे क्लब त्यानंतर आले. पार्टिझान तर २००४ च्या हंगामात.

पुढे जे घडले त्यातले दोन सामने मी ट्यूटोरियलमध्ये शेजारी शेजारी मांडले. २०१० चा अंतिम सामना झाग्रेबमध्ये, सिबोना विरुद्ध पार्टिझान. जादा वेळेत सहा दशांश सेकंद उरले असताना बोयान बोग्दानोविचने तीन गुणांची बास्केट केली आणि सिबोना ७४-७२ असा पुढे गेला. सभागृहात जल्लोष. तेवढ्यात दुशान केत्समानने मैदानाच्या मध्यापासून चेंडू भिरकावला आणि तो जाळीतून गेला. झाग्रेबच्या प्रेक्षकांसमोर बेलग्रेडचा क्लब ७५-७४ ने विजेता! आणि २०१४ साली उलटच झाले. बेलग्रेडमधल्या अंतिम सामन्यात झाग्रेबचेच दोन क्लब, सिबोना आणि सेदेविता, समोरासमोर आले. यजमान शहराचे दोन्ही क्लब उपांत्य फेरीतच गारद झाले होते.

यावरून मने जुळली असे मी लिहिले नाही. सामन्यांतून जुन्या वैराच्या घोषणा आजही ऐकू येतात. मात्र वीस-पंचवीस वर्षे हे लोक ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी एकमेकांच्या शहरात बसने जातात, हरतात, जेवतात आणि परततात. मेगा या सर्बियन क्लबचा निकोला योकिच याच लीगमध्ये २०१४-१५ चा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि पुढे २०२३ मध्ये त्याने डेन्व्हर संघाला अमेरिकेतले विजेतेपद मिळवून दिले. असे खेळाडू या वर्षानुवर्षांच्या झुंजींतूनच घडतात.

या सगळ्याची किंमत घरच्या लीगने मोजली. सर्बियातील मोठे क्लब राष्ट्रीय स्पर्धेत अगदी शेवटच्या टप्प्यातच उतरू लागले. आधीचे कित्येक महिने लहान गावांचे संघ आपापसांत खेळत राहतात. मोठा संघ आपल्या गावी येणार म्हणून आदल्या दिवसापासून वाट पाहण्याचे सुख त्या मुलांच्या वाट्याला क्वचितच येते. विद्यापीठाचा संघ आमच्या सिमेंटच्या कोर्टवर आला होता तेव्हा आम्ही ४० गुणांनी हरलो, तरी तो दिवस मी विसरलेलो नाही. म्हणून ही बाजू मला जास्त टोचते.

ट्यूटोरियल दिल्यानंतर एक गोष्ट कळली, ती येथे जोडतो. २०२४-२५ च्या हंगामापासून या लीगमध्ये दुबईचाही क्लब खेळू लागला. तिथे ॲड्रियाटिक समुद्र नाही, पैसा आहे. सरांना हे सांगितले तेव्हा त्यांनी नकाशासंग्रह मागवून घेतला आणि दुबईपासून लुब्लियानापर्यंतचे अंतर पट्टीने मोजायला मलाच बसवले.