सुरिनामला जाताय? आधी पीतज्वराची लस

मुले परदेशी नोकरीला गेली की मागोमाग आईवडीलही भेटीला निघतात. तिकीट, कपडे, लोणची यांची तयारी महिनाभर आधी होते. लशीची आठवण मात्र शेवटच्या दिवशी होते. दक्षिण अमेरिकेतील सुरिनामचे उदाहरण घेऊ. या देशाचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग जंगलाने व्यापलेला आहे. ५ जून १८७३ रोजी ‘लाला रुख’ जहाजातून पहिले भारतीय मजूर येथे उतरले. त्यांचे वंशज, आफ्रिकी व जावानी वंशाचे लोक आणि मूळ आदिवासी येथे एकत्र नांदतात. त्यामुळे डाळ-रोटीची चिंता नको. काळजी घ्यायची ती डासांची.

पीतज्वर हा डासांमुळे पसरणारा विषाणूजन्य रोग आहे. डास चावल्यावर तीन ते सहा दिवसांत ताप, डोकेदुखी, अंगदुखी व उलट्या सुरू होतात. काहींना पुढे कावीळ व रक्तस्राव होऊन जिवावर बेतते. यावर खास औषध नाही. लस मात्र उत्तम आहे. एकच टोचणी आयुष्यभर पुरते. ती प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी, कारण प्रतिकारशक्ती तयार होण्यास तेवढा वेळ लागतो. ही लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी. मुंबईत अशी केंद्रे आहेत. तेथे मिळणारा दाखला पासपोर्टसोबत जपून ठेवावा.

जाताना दाखला कोणी विचारला नाही, तरी परतताना विचारतात. तो नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाते. हा जाच नव्हे. पीतज्वर भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या अंगणातल्या पिंपातही वाढतो. एका रुग्णामुळे गावभर साथ पसरू शकते.

साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेले रुग्ण यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लस घेऊ नये. नऊ महिन्यांखालील बाळाला ती देत नाहीत.

सुरिनाम २०२५ साली हिवतापमुक्त जाहीर झाला. डेंग्यू मात्र आहे. एडिस दिवसा चावतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत व डास पळवणारे मलम लावावे. ताप आल्यास ॲस्पिरिन घेऊ नये. परतल्यावर ताप आला, तर आपण कोठे जाऊन आलो हे डॉक्टरांना आधी सांगावे.