हळद, मूग चालेल, लिंबू नको

प्रश्न : आम्ही तंजावरी मराठी. माझ्या 16 वर्षांच्या लेकीला मुरुमं येतात. घरच्या रीतीप्रमाणे ती मुगाचं पीठ आणि कस्तुरी मंजळ लावते, वर लिंबूही पिळते. चालेल का?
– एक आई, कुंभकोणम

उत्तर : ताई, मुगाचं पीठ तेलकटपणा शोषून घेतं, खुशाल लावू द्या. मात्र ते वस्त्रगाळ हवं आणि चेहऱ्यावर चोळायचं नाही. भरड कणांनी मुरुमं फुटतात, मग डाग राहतात. कस्तुरी मंजळ म्हणजे रानहळद. तिचा पिवळा रंग स्वयंपाकाच्या हळदीइतका चढत नाही, चिमूटभर पुरे. भडक पिवळी सुटी पूड टाळा, तिच्यात रंगाची भेसळ असू शकते.

लिंबू मात्र आजच बंद करा. त्वचेचा सामू साधारण 5, लिंबाच्या रसाचा 2 ते 3, म्हणूनच चुरचुरतं. त्याहून वाईट म्हणजे रस लागलेल्या त्वचेवर तुमच्याकडचं कडक ऊन पडलं, तर ती भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत. पीठ साध्या पाण्यात कालवा, आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटं ठेवा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस पाहा.

दुखऱ्या गाठी किंवा पू असेल, तर लेपावर विसंबू नका. त्वचारोगतज्ज्ञांना लवकर दाखवा.