एक खतावणी, दोन कारकून

एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्याला केव्हा ना केव्हा एक मोह होतोच. लिनक्समध्ये काम चालू असते, मध्येच विंडोजमधले एखादे सॉफ्टवेअर लागते, आणि त्यासाठी उघडलेले सगळे बंद करून संगणक पुन्हा सुरू करायचा कंटाळा येतो. विंडोज याच डिस्कवर शेजारच्या पार्टिशनमध्ये आहे. मग तेच पार्टिशन व्हर्च्युअल मशीनला जोडून खिडकीत का चालवू नये? चालवता येते. व्हर्च्युअलबॉक्स, व्हीएमवेअर वर्कस्टेशन, केव्हीएम या सगळ्यांत त्याची सोय आहे. पण पहिल्या प्रयत्नात ते क्वचितच सुरू होते, आणि इथूनच माझ्या सांगण्याचा मुद्दा सुरू होतो. मशीन सुरू होत नाही तोवर डिस्कवरचा मजकूर बहुधा सुखरूप असतो. नुकसान होते ते पडद्यावरची चूक कशीही करून घालवायची या हट्टापायी केलेल्या उपायांनी. म्हणून या व्यवस्थेतले बिघाड शोधताना ‘हे सुरू कसे होईल’ हा प्रश्न दुसरा; ‘या पार्टिशनवर या क्षणी लिहिण्याचा हक्क कोणाकडे आहे’ हा पहिला.

हे पटण्यासाठी आतली रचना समजून घ्यावी लागते. नेहमीच्या व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे एक मोठी फाइल असते. तिच्या आत काय चालले आहे याच्याशी होस्टला, म्हणजे बाहेरच्या मूळ प्रणालीला, काही देणेघेणे नसते. तिच्या लेखी ती फक्त एक फाइल. खरे पार्टिशन जोडले की ही भिंत जाते. व्हर्च्युअलबॉक्स अशा वेळी जी व्हीएमडीके फाइल तयार करतो तिच्यात तुमचा मजकूर नसतोच. अमुक डिस्क, अमुक सेक्टरपासून अमुक सेक्टरपर्यंत, असा तो निव्वळ पत्ता असतो, आणि सोबत पार्टिशनच्या तक्त्याची एक नक्कल. ही नक्कल ज्या दिवशी केली त्या दिवसाची. पुढे कोणी पार्टिशनचा आकार कमीजास्त केला, एखादे नवे पाडले, तरी जुनी फाइल जुनेच पत्ते सांगत राहते. घराची वाटणी झाल्यावरही पोस्टमनने जुन्या दारातच पत्रे टाकावीत तसे गेस्ट, म्हणजे आतली प्रणाली, जुन्याच सेक्टरांवर लिहिते; तिथे आता दुसऱ्याचा संसार असतो. डिस्कच्या नावाचेही तसेच. लिनक्समध्ये एसडीए, एसडीबी ही नावे डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने पडतात, विंडोजमध्ये फिजिकलड्राइव्हचे क्रमांकही बदलू शकतात. एखादी यूएसबी डिस्क लावलेली राहिली तर आजचा ‘बी’ उद्याचा ‘सी’ होतो. म्हणून पत्ता देताना डिस्कच्या अनुक्रमांकावरून पडलेले कायमचे नाव वापरावे, आणि पार्टिशनला हात लागला की ती व्हीएमडीके फाइल पुसून नव्याने करावी.

आता मुख्य धोका. एनटीएफएस काय, ईएक्सटी४ काय, या फाइल मांडणाऱ्या पद्धती एका वेळी एकच मालक असेल असे गृहीत धरून बनवलेल्या आहेत. कोणती जागा मोकळी, कोणत्या फाइलचा तुकडा कुठे, याची यादी प्रणाली डिस्कवरून एकदा वाचते, मेमरीत ठेवते आणि पुढचा हिशेब त्या नकलेवरून करते. एकाच खतावणीवर दोन कारकून बसवले, दोघांनी सकाळी तिची आपापली नक्कल उतरवून घेतली, आणि दिवसभर एकमेकांशी न बोलता मूळ वहीत नोंदी करत राहिले, तर संध्याकाळी जे होईल तेच इथे होते. एकाला जी जागा मोकळी वाटते तिथे दुसऱ्याने घटकाभरापूर्वीच काही लिहिलेले असते. अनेक यंत्रांनी एकच डिस्क वापरण्यासाठी वेगळ्या क्लस्टर पद्धती आहेत; घरच्या संगणकावरच्या या पद्धती त्या नव्हेत. होस्ट म्हणून जी प्रणाली चालू आहे तिचेच पार्टिशन गेस्टमध्ये सुरू करू नका, असा स्पष्ट इशारा व्हर्च्युअलबॉक्सच्या माहितीपुस्तिकेतही आहे.

‘इतका वेडेपणा कोण करील?’ असे वाटेल. पण तो न करताही होतो. फक्त विंडोजचे पार्टिशन देऊन मशीन सुरू होत नाही, म्हणून वैतागून अख्खी डिस्क जोडली जाते. मग मशीन सुरू होते तेव्हा बऱ्याचदा समोर येतो तो प्रणाली निवडण्याचा ग्रबचा मेन्यू, आणि त्यात आपोआप निवडली जाणारी पहिली ओळ बहुधा लिनक्सची असते. काही सेकंद दुर्लक्ष झाले, की बाहेर चालू असलेले लिनक्स आत दुसऱ्यांदा उभे राहते आणि आपल्याच जिवंत पार्टिशनची ‘दुरुस्ती’ सुरू करते. त्याहून छुपी जागा ईएफआय पार्टिशनची. यूईएफआय पद्धतीने बसवलेले विंडोज सुरू व्हायला ते लागतेच, म्हणून लोक तेही मशीनला देतात. पण बहुतेक लिनक्स प्रणाल्यांत तेच पार्टिशन होस्टने आधीच जोडून ठेवलेले असते. ते फॅट पद्धतीचे. अर्धवट राहिलेले लिखाण सावरणारे जर्नलसुद्धा त्याला नाही. इथे गडबड झाली तर दोन्हीपैकी एकही प्रणाली सुरू न होण्याची वेळ येऊ शकते. मशीन चालू करण्यापूर्वी ते होस्टवर अनमाउंट करावे. त्याहून बरे म्हणजे मशीनसाठी छोटे वेगळे ईएफआय पार्टिशन एका फाइलीत बनवून बूटच्या फाइली तिथे ठेवाव्यात.

दोन कारकून एकाच वेळी हजर नसले म्हणजे निभावले, असेही नाही. एक जण झोपलेला असला तरी त्याच्या डोक्यातली नक्कल जिवंत असते. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. त्यात ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही. त्याचा गाभा हायबरनेट होऊन फाइलीत जातो आणि पुढच्या वेळी तिथून उठतो. अशा अर्धवट झोपलेल्या विंडोजचे पार्टिशन मशीनला दिले, तर वेगळ्याच यंत्रावर ती जुनी मेमरी उठवण्याचा प्रसंग येतो. लिनक्समधला एनटीएफएस-३जी हा ड्रायव्हर अशा पार्टिशनवर लिहायला नकार देतो, ते याच कारणाने. तो नकार अडचण समजून जबरदस्तीने मोडणे म्हणजे रखवालदाराला बांधून कुलूप तोडणे. व्हर्च्युअल मशीनची ‘सेव्ह’ केलेली अवस्था आणि स्नॅपशॉट यांचा धोका नेमका असाच. स्नॅपशॉटनंतरचे बदल वेगळ्या फाइलीत साठतात आणि मूळ पार्टिशन जसेच्या तसे राहील असे धरले जाते. मधल्या काळात तुम्ही खऱ्या संगणकावर विंडोज सुरू केलेत, की ते गृहीतक कोसळते आणि नंतर दोन्ही जुळवताना कचरा होतो. जुन्या इंटेल मॅकवर बूट कॅम्पचे विंडोज पॅरलल्समध्ये चालवता येत असे, पण अशा मशीनला झोपवण्याची आणि स्नॅपशॉटची सोय पॅरलल्सने दिलेली नव्हती. ज्यांचा धंदाच सोयी विकण्याचा, त्यांनी ही सोय हातची सोडली, यातच उत्तर आहे.

एवढे पक्के झाले की मग पडद्यावरच्या चुकांकडे वळावे. त्या भीतिदायक दिसतात, पण बहुतेकांचा उलगडा सरळ असतो. ‘बूट करण्याजोगे काही सापडले नाही’ असे आले तर मशीनची फर्मवेअर पद्धत तपासावी; यूईएफआयवर बसवलेले विंडोज जुन्या बायोस पद्धतीच्या मशीनमध्ये उठत नाही. निळ्या पडद्यावर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, म्हणजे ७बी क्रमांकाची चूक, आली तर बहुधा डिस्क बिघडलेली नसते. डिस्कपर्यंत नेणारा ड्रायव्हर वेळेवर चढलेला नसतो. खऱ्या संगणकावर विंडोज एनव्हीएमईवर असते, मशीन त्याच्यापुढे साटा ठेवते, आणि विंडोजने तो ड्रायव्हर सुरुवातीला चढवायच्या यादीतून काढलेला असतो. खऱ्या संगणकावर सेफ मोडची खूण लावून विंडोज पूर्ण बंद करावे, मशीनमध्ये एकदा सेफ मोडने सुरू होऊ द्यावे, मग खूण काढावी. बहुतेक वेळा एवढ्याने भागते. व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेला व्हर्टआयओ कंट्रोलर हवा असेल तर त्याचा ड्रायव्हर आधी विंडोजमध्ये बसवून मगच कंट्रोलर बदलावा. गेस्ट लिनक्स असेल तर हाच आजार वेगळ्या लक्षणांनी येतो: मूळ पार्टिशन सापडत नाही म्हणून ते मध्येच थांबते, कारण फक्त त्याच यंत्रापुरत्या ड्रायव्हरांचे इनिटरॅमएफएस, म्हणजे सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी फाइल-व्यवस्था, बनवलेले असते. ते सर्व ड्रायव्हरांसह पुन्हा बनवावे आणि एफएसटॅबमध्ये एसडीए-व्हीडीए न लिहिता यूयूआयडी लिहावा.

‘परवानगी नाही’ ही चूक आली की सुचवला जाणारा उपाय म्हणजे स्वतःला ‘डिस्क’ गटात घालणे किंवा सगळे रूट म्हणून चालवणे. चूक जाते, पण त्यासोबत तुमच्या नावाने चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला सगळ्या डिस्कवर कुठेही लिहिण्याची मोकळीक मिळते. एका खोलीची किल्ली हवी होती आणि वाड्याचा जुडगा हातात आला. लिनक्समध्ये उपकरणांची परवानगी ठरवणाऱ्या यूडेव्हचा नियम लिहून फक्त त्या एका पार्टिशनची परवानगी घ्यावी. बिटलॉकर असेल तर मशीनमध्ये मूळ संगणकातली टीपीएम ही सुरक्षा-चिप नसल्याने विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलेल्या लॅपटॉपवर हे कूटबंधन मालकाच्या नकळतही चालू असू शकते, म्हणून ती की आधीच काढून दुसरीकडे जपावी. परवाना मूळ मदरबोर्डशी जोडलेला असल्याने विंडोज आपण ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ नसल्याची कुरकुर करते. तो बिघाड नाही, परवान्याच्या अटींचा प्रश्न आहे. आणि घड्याळ बरोबर साडेपाच तास पुढेमागे दिसले तर भारतात कारण ओळखायला वेळ लागू नये: विंडोज यंत्राचे घड्याळ स्थानिक वेळेवर धरते, लिनक्स यूटीसीवर. मशीनच्या सेटिंगमध्ये ते जुळवून घ्यावे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, ‘वर्षानुवर्षे असेच चालवतो, काही झाले नाही.’ ज्यांनी विंडोज नेहमी पूर्ण बंद केले आणि ते पार्टिशन होस्टवर कधी जोडले नाही, त्यांना काही होणारही नाही. पण ते श्रेय त्यांच्या शिस्तीचे. ज्यांनी ती पाळली नाही त्यांचे ‘काही झाले नाही’ म्हणजे ‘अजून दिसले नाही’. जुन्या फोटोच्या मधल्या सेक्टरवर दुसरेच काही लिहिले गेले, तर तो फोटो उघडेपर्यंत कळत नाही. दुसरा आक्षेप, ‘जर्नल आहे की.’ जर्नल असते ते वीज गेली तर एका कारकुनाची अर्धवट नोंद पुरी करायला किंवा खोडायला. दुसरा कारकून असेल हे त्याच्या रचनेतच नाही. चेकडिस्क किंवा एफएससीके खतावणीची बेरीज जुळवून देतात, पुसलेला मजकूर परत आणत नाहीत. तिसरा, ‘होस्टवर फक्त वाचण्यापुरते जोडले तर?’ ईएक्सटी४ वाचण्यापुरते जोडले तरी गरज पडल्यास जर्नलमधल्या नोंदी डिस्कवर उतरवते. लिखाण पूर्ण रोखले तरी वाचणाऱ्याच्या हातात शिळी नक्कल राहते, आणि त्यावरून घेतलेला बॅकअपही शिळा.

मग करावे काय? माझे मत असे की बहुतेकांना खरे पार्टिशन जोडण्याची गरज नसते. मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्समधील डिस्क२व्हीएचडी हे साधन चालू विंडोजची प्रत फाइलीत काढून देते; ती व्हर्च्युअल मशीनला जोडावी. जागा जास्त लागते आणि परवान्याचा प्रश्न तसाच राहतो, पण स्नॅपशॉट, झोप, प्रयोग सगळे निर्धास्त होते. दोन्हीकडे तेच विंडोज हवेच असेल तर त्याला स्वतंत्र एसएसडी द्यावी, म्हणजे पार्टिशनचा तक्ता आणि ईएफआय वाटून घ्यावे लागत नाही. तेही शक्य नसेल तर क्रम मोडू नये: आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप, मग विंडोजमधले हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप बंद, मग ते पार्टिशन होस्टने आपोआप जोडू नये अशी व्यवस्था, मग कायमच्या नावाने, फक्त लागेल तेवढ्याच पार्टिशनचा पत्ता, स्नॅपशॉट आणि ‘सेव्ह’ यांना कायमची सुट्टी, आणि सर्वांत शेवटी पडद्यावरची चूक.

हा क्रम पाळायला फार तर एक संध्याकाळ जाते. तेवढा धीर नसेल तर संगणक बंद करून दुसऱ्या प्रणालीत जावे. दोन मिनिटांचे काम आहे. सुरूच न झालेल्या व्हर्च्युअल मशीनने आजवर कोणाची एकही फाइल खाल्लेली नाही.