आरंभीची एक चूक : बुद्धिबळातील एक पाठ

आरंभीच्या एका चुकीने बुद्धिबळाचा सबंध डाव कसा निकालात निघतो, हे विद्यार्थ्यांस दाखविण्यास १९८८ सालचा एक डाव उपयुक्त आहे. स्वित्झर्लंडमधील बील येथे कोलंबियाच्या झापाताकडे पांढरी व विश्वनाथन आनंदकडे काळी मोहरी होती.

प्रथम उभयतांनी राजापुढील प्यादी दोन घरे सरकवून राजाकडील घोडे बाहेर काढले. पांढऱ्या घोड्याने काळे प्यादे मारले. आनंदने वजिरापुढील प्यादे एक घर चालवून त्यास हुसकले. तो माघारी जाताच काळ्या घोड्याने पांढरे प्यादे टिपले. झापाताने दुसरा घोडा काढून त्यावर मारा धरला. पाचव्या चालीस आनंदने आपल्या घोड्यास उंटाचा जोर दिला. झापाताने वजीर राजापुढील घरात आणला. आता काळा घोडा हलल्यास राजास शह बसतो, म्हणून तो हलू शकत नाही. पुढच्याच चालीस प्यादे त्यावर चालून येणार. आनंदने तेथेच हार मानली.

उंटाची हीच चाल १९८७ मधील एका डावात येऊन तो डाव बरोबरीत सुटला होता. त्या डावावर विसंबून आनंदने ती खेळली. स्वतः पडताळली नाही. तोच आनंद २००० साली जगज्जेता झाला.

जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शिक्षकांनी फळ्यावर चौसष्ट घरे आखून हा डाव मांडावा, पाचव्या चालीपाशी थांबावे आणि पांढऱ्याची चाल मुलांस शोधू द्यावी. उत्तर सांगण्याची घाई करू नये. छापील उत्तर उतरविण्यापूर्वी ते पडताळावे, ही सवय गणिताच्या तासासही उपयोगी पडेल.