जुना चेहरा, नवं इंजिन

दादाला रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० घ्यायची होती. तीन वर्षांची बचत त्याची, आणि घरातला ‘इंजिनिअर’ म्हणून तपासायचं मी!

गोल हेडलाईट, टाकी, मडगार्ड सगळं काकांच्या बुलेटसारखं. पण साम्य तेवढंच. २०२१ पासून आतलं इंजिन नवं आहे: ३४९ सीसी, बोअर ७२ मिमी, स्ट्रोक ८५.८ मिमी. २७ न्यूटन-मीटर टॉर्क ४००० आरपीएमलाच मिळतो, म्हणून गर्दीत सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. सिलिंडर एकच, दोन फेऱ्यांत एक स्फोट. म्हणजे १००० आरपीएमला मिनिटाला ५०० ठोके. तोच तो धकधक आवाज! हात बधिर करणारी थरथर मात्र बॅलन्सर शाफ्टने बरीच घालवली. दादा थोडा नाराजच झाला, त्याला तीच हवी होती. किकही नाही, बॅटरी उतरली की बसा.

शोरूमवाल्याने कोटेशनमध्ये न विचारता ॲक्सेसरीज घातल्या होत्या, त्या आम्ही काढायला लावल्या. आणि एक करा: बंद गाडी मागे ढकलून बघा. १९५ किलो आहे, टेस्ट राईडमध्ये ते जाणवत नाही. दादाने दोनदा ढकलली, घाम पुसला आणि बुकिंगचे पैसे भरले.