छायाचित्रावरून केशरपरीक्षा

परदेशी केशर मध्यस्थामार्फत मागविताना आधी छायाचित्रे येतात. त्यांत केवळ चक्षूला विषय मिळतो. भावप्रकाशात तर पारसीक केशर मधुगंधावरूनही ओळखावयास सांगितले आहे.

तरी जवळून घेतलेले चित्र निरर्थक नव्हे. अस्सल तंतू टोकाकडे तुतारीसारखा रुंदावतो. करडईच्या फुलाची नळी टोकाशी पाच भागांत दुभंगते. मात्र रंगविलेल्या केशराने आम्हांस खडकीत फसविलेच. चित्रात तंतू निर्दोष होते. पाण्यात टाकताच पाणी लाल व तंतू फिकट झाले. तेच रुग्णांच्या औषधात जाणार होते! अस्सल केशर पाण्याला सावकाश पिवळेपणा देते, स्वतः तांबडेच राहते. आता आम्ही पाण्यातील तंतूंचीही दोन चित्रे मागतो: टाकताच एक, १५ मिनिटांनी दुसरे.